शाळा सुटल्यावर ब्रिज – मुलांना कुठून सुरुवात करून द्यावी?

इस्पिकराणी

नमस्कार मंडळी,

कर्वेनगर भागातल्या एका मराठी शाळेत आम्ही तिघं शाळा सुटल्यावर मुलांना काँट्रॅक्ट ब्रिज, म्हणजे दोन-दोन भिडूंच्या जोड्यांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ, शिकवतो. पाचवी ते आठवीची मुलं आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी बालवाडीच्या रिकाम्या वर्गात बसतो. आता आणखी एका शाळेने विचारणा केली आहे. त्यानिमित्ताने जे जमलंय ते इथे मांडते, पुढचं तुम्ही सुचवा.

पुण्यात बुद्धिबळाचे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि ते असावेतच. पण तिथे सगळा डाव डोळ्यांसमोर असतो आणि खेळणारा एकटा असतो. ब्रिजमध्ये डमी, म्हणजे एका भिडूची पानं, टेबलावर उघडल्यावरही ५२ पैकी २६च पानं दिसतात. उरलेल्यांचा अंदाज बांधायचा, आणि निम्मा वेळ तोही भिडूच्या जोडीने. मला मुलांसाठी ब्रिज हवा आहे तो या भिडूसाठी. गणित सुधारतं, स्मरणशक्ती वाढते असं पालकांना सांगता येतं. पण समोरच्याने हेच पान का टाकलं असेल, त्याला काय दिसत असेल, असा विचार दहा वर्षांच्या मुलाला एरवी फारसा करावा लागत नाही.

सुरुवात आम्ही मेंढीकोटाने करतो. आपल्याकडच्या बहुतेक मुलांना तो येतो, त्यामुळे उतारीच्या रंगाचं पान देणं, हुकूम, काटणं आणि भिडू हे शिकवावंच लागत नाही. दश्श्यांचं महत्त्व काढून टाकायचं आणि नुसते हात मोजायला लावायचे. मग एक दिवस सांगायचं, की आजपासून एकाची पानं टेबलावर उघडी राहतील आणि दोन्हीकडची पानं एकच भिडू खेळेल. झाली डमी.

त्यानंतर मिनीब्रिज. १९९०च्या दशकात नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये नवशिक्यांसाठी हा प्रकार रूढ झाला. बोली, म्हणजे कोण किती हात करणार याची आधीची चढाओढ, नाहीच. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे गुण धरून प्रत्येकाने आपली बेरीज मोठ्याने सांगायची. चौघांची मिळून ४० आलीच पाहिजे, नाही आली तर कुणाचं तरी चुकलंय. ज्या जोडीचे गुण जास्त ती खेळणार, आणि त्या जोडीतला जास्त गुणांचा डिक्लेअरर, म्हणजे दोन्हीकडची पानं खेळणारा. भिडूची पानं बघून मग त्याने हुकूम कोणता आणि किती हात करणार ते ठरवायचं. वीस-वीस झाले तर पुन्हा वाटायचं.

इथवर गाडी छान चालते. अडतं ते पुढे. खरी बोली केव्हा आणावी? ‘शाळेत पत्ते?’ म्हणणाऱ्या पालकांशी काय बोलावं? आणि मुलं कधीच चारच्या पटीत येत नाहीत, त्याचं काय करावं?

पौडफाटा

उत्तम धागा. एक अगदी साधा प्रश्न. माझ्या चौथीतल्या मुलाच्या हातात तेरा पानं मावतच नाहीत. पंखा केला की दोन खाली पडतात, ती उचलताना शेजाऱ्याला सगळं दिसतं. तुमच्याकडे लहान मुलं काय करतात?

इस्पिकराणी

@पौडफाटा, हा प्रश्न आमच्याकडेही पहिल्याच दिवशी आला. सुताराकडून लाकडाच्या पट्ट्या करून घेतल्या. साधारण फूटभर लांब, वर तिरपी खाच, खाच अशी की पान मागे कलून उभं राहील पण घसरणार नाही. पट्टीवर पानं रंगांनुसार लावायची, काळा-लाल-काळा-लाल, म्हणजे बदाम आणि चौकट शेजारी येऊन गोंधळ होत नाही. हात मोकळे झाले की मुलं डमीकडे बघायला लागतात. त्याआधी सगळं लक्ष पानं सांभाळण्यात जातं. पत्ते मात्र मोठ्या आकड्यांचे घ्या.

निकालपत्र

पालकांच्या प्रश्नाबद्दल. पत्ते म्हणजे जुगार हे घराघरांत बसलेलं आहे आणि त्याला कारणंही आहेत. पत्त्यांपायी उद्ध्वस्त झालेली घरं लोकांनी पाहिलेली असतात. त्यामुळे वाद घालू नका, माहिती द्या.

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. तसं म्हणताना न्यायालयाने तुलना कशाशी केली? रमीतला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच आहे, असं म्हटलं. म्हणजे ब्रिज कौशल्याचा हे न्यायालयाने गृहीतच धरलं होतं. तीनपत्तीला मात्र त्याच निकालात नशिबाच्या खेळांत टाकलं आहे.

कायदा एवढाच. वर्गात पैशाचा विषय कधीच येणार नाही, हे मात्र लेखी द्या. बक्षीस म्हणूनही पैसे नकोत.

सहकारनगरी

निकालपत्र यांच्याशी सहमत, पण पालकसभेत खटल्यांपेक्षा पदकं लवकर पोचतात. २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्ण मिळवून दिलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे, सरकार ५६ वर्षांचे. पुढच्या हांगझोच्या स्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, आपल्या पुरुष संघाला रौप्य मिळालं. आणि जागतिक स्पर्धांत १६ वर्षांखालच्या मुलांचा वेगळा गट असतो, हेही सांगा. आठवीतल्या मुलाच्या आईला त्यातून काहीतरी ठोस दिसतं.

जुईची आई

मी पालक म्हणून लिहिते. मुलगी सहावीत आहे, अतिशय अबोल. बुद्धिबळ सोडलं कारण हरली की रात्रभर स्वतःला दोष द्यायची. ब्रिजला घातलं तर भिडू ओरडेल आणि आणखी मिटून जाईल, अशी भीती वाटते. घरी मेंढीकोट खेळतानासुद्धा तिचा चुलतभाऊ ‘तुझ्यामुळे गेला’ म्हणतो. यावर तुम्ही काही करता का?

इस्पिकराणी

जुईची आई, सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही विचारलात. ब्रिजमध्ये मुलांना दुखावतो तो भिडूच.

आमच्याकडे काही गोष्टी ठाम आहेत. डमीची पानं टेबलावर आली की डिक्लेअररने ‘थँक यू पार्टनर’ म्हणायचं, पानं कशीही असोत. ही ब्रिजमधली जुनीच रीत आहे. मुलं ती पहिल्या आठवड्यात तोंडदेखली पाळतात, पुढे ती अंगवळणी पडते. डाव संपल्यावर भिडूला सल्ला द्यायचा नाही, विचारायचं असेल तर शिकवणाऱ्याला विचारायचं. भिडू दर आठवड्याला बदलायचा, म्हणजे हुशार मुलांची एकच जोडी जमून बाकीची बाजूला पडत नाहीत.

शिवाय डमीला काम द्यावं लागतं, नाहीतर तो शिरा ताणून खुणा करायला लागतो. नियमाप्रमाणे डमीला पान सुचवता येत नाही. पण डिक्लेअररने उतारीच्या रंगाचं पान दिलं नाही, तर ‘बदाम संपले का?’ असं तो विचारू शकतो. हे काम मुलं फार जबाबदारीने करतात. भिडूला चुकण्यापासून वाचवायची ती एक वाट त्यांच्याकडे असते. आमच्याकडची एक अबोल मुलगी पहिल्यांदा मोठ्याने बोलली ती डमी असताना, हाच प्रश्न विचारायला.

खडूफळा

मी गणित शिकवतो, म्हणून माझा रस वेगळ्या जागी आहे. ब्रिज खेळल्याने गणिताचे मार्क वाढतात असं मी पालकांना कधी सांगणार नाही. पण शक्यतेची ओळख करून द्यायला याच्याइतकं चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

इस्पिकची चार पानं विरुद्ध बाजूच्या दोघांकडे आहेत. कशी वाटली गेली असतील? मुलं एका सुरात म्हणतात, दोन-दोन. मग फळ्यावर लिहायला लावायचं. प्रत्येक पान डावीकडे जाईल किंवा उजवीकडे, म्हणजे एकूण सोळा प्रकार. त्यांतले दोन-दोनचे सहा, तीन-एकचे आठ, चारही एकीकडे असे दोन. तीन-एक जास्त! वर्ग गप्प होतो आणि मग पुन्हा मोजतो.

खरे आकडे थोडे वेगळे आहेत. तीन-एक साधारण ५० टक्के, दोन-दोन ४० टक्क्यांच्या थोडं वर, चार-शून्य दहाच्या आतबाहेर. फरक का पडतो? प्रत्येकाकडे तेराच जागा. डावीकडे एक पान गेलं की तिथे बारा उरल्या, उजवीकडे अजून तेराच्या तेरा. म्हणून पुढचं पान उजवीकडे जाण्याची शक्यता किंचित वाढते. सातवीतल्या मुलाला हे समजतं, आणि समजलं की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

पाच पानं बाहेर असतील तर तीन-दोन ६८ टक्के, चार-एक २८, पाच-शून्य ४. हे आकडे पाठ करून घेऊ नका. प्रत्येक डावानंतर वहीत रेघ मारायला लावा. रेघा पुरेशा झाल्या की मुलं आपणहून टक्केवारी काढतात.

उतारी

मी कॉलेजात असताना स्पर्धा खेळायला लागले, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. मिनीब्रिजमध्ये फार रेंगाळू नका. चार-सहा महिने पानं खेळण्यातच घालवली की मुलांना तोच पूर्ण खेळ वाटायला लागतो. बोली हा ब्रिजचा प्राण आहे. सगळी बोली पंधराच शब्दांत चालते: एक ते सात हे आकडे, चार रंग आणि नो ट्रम्प (म्हणजे हुकूमच नाही), आणि पास, डबल, रिडबल. या पंधरा शब्दांत भिडूला आपली तेरा पानं सांगायची आणि हे विरोधकांच्याही कानावर जाऊ द्यायचं. ही गंमत मुलांपासून इतके दिवस लांब का ठेवायची?

चौथा भिडू

मी क्लबमध्ये ब्रिज खेळत म्हातारा झालो. उतारी, तुमचा उत्साह समजतो, पण घाई नको असं मी म्हणेन. आमच्या पिढीला बोलीचे तक्ते आधी पाठ करायला लावले आणि पानं कशी खेळायची ते पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. चार इस्पिक, म्हणजे सहाच्या वर चार हात, बोललो खरं, पण दहा हात कुठून आणायचे? ज्याला हात मोजता येत नाहीत त्याने वचन कशाच्या जोरावर द्यायचं?

मुलांना बोली आणताना एक गोष्ट जरूर सांगा. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हे अमेरिकी गृहस्थ बोटीने पनामा कालव्यातून चालले होते. त्या प्रवासात त्यांनी गुणांची नवी पद्धत मांडली आणि तिथून आजचा काँट्रॅक्ट ब्रिज सुरू झाला. तिचा गाभा असा: जेवढे हात बोललात तेवढेच गेममध्ये, म्हणजे बक्षिसाच्या टप्प्यासाठी, धरायचे. बारा हात केलेत पण बोली होती दोनचीच, म्हणजे आठ हातांची, तर गेमचं बक्षीस नाही. मुलांना हे लगेच पटतं, कारण मेंढीकोटात आधी बोलण्याचा प्रश्नच नसतो.

इस्पिकराणी

@उतारी, @चौथा भिडू, मला वाटतं महिने मोजण्यापेक्षा मुलांच्या एका प्रश्नाची वाट पाहावी.

मिनीब्रिजमध्ये गुण सांगता येतात, पण पानं कोणत्या रंगाची हे सांगता येत नाही. मागच्या सत्रात एका मुलाकडे सात बदाम आणि गुण फक्त पाच. विरुद्ध जोडीचे गुण जास्त, त्यामुळे ते खेळले. डाव संपल्यावर तो तावातावाने उठला: ‘माझ्याकडे सात बदाम आहेत हे सांगायची सोयच का नाही?’ त्याच टेबलावर त्याच संध्याकाळी बोली सुरू केली. ज्या टेबलावर हा प्रश्न आला नव्हता तिथे मिनीब्रिजच चालू ठेवला. दोन्ही टेबलं एका वर्गात सुखाने नांदतात.

बोलीचे नियमही मोजकेच देतो. बारा गुणांना सुरुवात, सहाला उत्तर, दोघांचे मिळून पंचवीस झाले की गेमचा विचार. इस्पिक किंवा बदाम सुरुवातीलाच बोलायचे तर पाच पानं हवीत. याच्यावरची कोणतीही पद्धत, कितीही नावाजलेली असो, वर्षभर तरी नाही.

पौडफाटा

आणि मुलं चारच्या पटीत नसली तर?

खडूफळा

पाच, सहा किंवा सात असतील तर एका पट्टीमागे दोघांना बसवा. दोघांनी कुजबुजत ठरवायचं कोणतं पान टाकायचं. मी हे मुद्दाम करतो, मुलं पुरेशी असली तरी. एरवी मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. कुजबुज ऐकली की कळतं: ‘राजा कुणाकडे असेल? तो मघाशी थांबला होता ना...’ तीनच असतील तर चौथी पानं उघडी ठेवून खेळा आणि ती जागा आळीपाळीने फिरवा.

सहकारनगरी

‘तो मघाशी थांबला होता’ यावर एक शब्द. विरोधक थांबला यावरून अंदाज बांधता येतो, स्वतःच्या जोखमीवर. पण आपला भिडू थांबला, कचरला, त्याने सुस्कारा टाकला, तर त्याचा फायदा घेणं नियमाबाहेर. मेंढीकोटात डोळ्यांनी खुणावणं हा अर्धा खेळ असतो, त्यामुळे मुलांना हे जड जातं. तुम्ही कसं समजावता?

इस्पिकराणी

नियम म्हणून सांगितलं की विसरतात. त्याऐवजी बोली लिहून करायला लावतो. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या आहेत, ‘१ किलवर’पासून ‘७ नो ट्रम्प’पर्यंत पस्तीस, शिवाय पास, डबल, रिडबल. चिठ्ठी समोर ठेवायची, तोंड उघडायचं नाही. स्पर्धांमधल्या बिडिंग बॉक्सचंच हे घरगुती रूप. आवाजच नाही म्हटल्यावर ‘एकाऽ बदाऽम’ असं लांबवून काही सुचवता येत नाही. जुन्या वह्यांचे पुठ्ठे मुलांनीच कापले, रंगांची चित्रंही त्यांनीच काढली.

उतारी

हे आवडलं. डुप्लिकेट करता का? माझ्या मते मुलांसाठी तेच खरं, कारण ‘आम्हाला पानंच वाईट आली’ ही तक्रार मुळातून जाते.

इस्पिकराणी

करतो. दोन टेबलं, तीच पानं. हात झाला की पानं मध्ये टाकायची नाहीत. प्रत्येकाने आपलं पान स्वतःसमोर पालथं ठेवायचं, हात जिंकला तर उभं, हरला तर आडवं. डाव संपला की प्रत्येकाची तेरा पानं जशीच्या तशी पाकिटात. चार कप्प्यांची पाकिटं खाकी कागदाची आहेत, अजून टिकली आहेत.

एक डाव सांगते. चार बदामचं काँट्रॅक्ट दोन्ही टेबलांवर. डिक्लेअररकडे किलवरची तीन बारकी पानं, डमीत किलवरचं एकच पान आणि हुकमाची तीन. पहिल्या टेबलावरच्या मुलाने शिकवल्याप्रमाणे आधी सगळे हुकूम काढून घेतले. डमीतले हुकूमही त्यातच गेले, नऊच हात झाले. दुसऱ्या टेबलावर मुलीने आधी एक किलवर विरोधकांना देऊन टाकलं, मग उरलेली दोन डमीत काटली आणि हुकूम त्यानंतर काढले. दहा. पहिला मुलगा उठून तिच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, ‘दाखव ना, किलवर आधी का दिलंस?’ तिने त्याला पानं मांडून दाखवली. आम्ही तिघंही मागे उभे होतो, कुणी मध्ये बोललं नाही. मी समजावलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा हुकूम काढले असते.

जुईची आई

वाचून धीर आला. मुलीला पाठवते. घरी सरावासाठी ॲप वगैरे आहे का?

उतारी

बीबीओवर, म्हणजे ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर, फुकट खाते उघडून खेळता येतं, भिडू म्हणून रोबोट घेता येतो. पण पहिलं वर्ष खऱ्या पत्त्यांवरच खेळू द्या. रोबोटबरोबर खेळताना काही चुकलंसं वाटलं तर मुलं डाव अर्धा टाकून नवीन वाटून घेतात. टेबलावर तिघं समोर बसलेले असताना तसं उठता येत नाही. सुट्टीत आजी-आजोबा चौथे म्हणून बसले तर सगळ्यात उत्तम.

चौथा भिडू

आजोबांवरून सुचलं. पुण्यात माझ्यासारखे निवृत्त ब्रिजवाले बरेच आहेत, संध्याकाळी मोकळे असतात. आम्हाला बोलवा. पण एक अट आम्हाला आधीच घाला. डाव संपल्या संपल्या ‘तिथे राणी का नाही लावलीस?’ म्हणायची आमची सवय जुनी आहे. चार दशकांच्या भिडूला ते चालतं, दहा वर्षांच्या पोराला नाही. खुर्चीमागे उभं राहायचं आणि मुलाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्हाला स्पष्ट सांगा. आम्ही ऐकू.

इस्पिकराणी

चौथा भिडू, तुम्ही हे स्वतःहून म्हणालात याचा मनापासून आनंद झाला. नव्या शाळेत आम्हाला किमान दोन मोठी माणसं हवीच आहेत.

सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी झाली की वर्ग सुरू करायचा विचार आहे, बुधवार आणि शुक्रवार, साडेपाच ते पावणेसात. त्याच्या पुढे ताणता येत नाही, व्हॅनकाका थांबत नाहीत. शाळेला निकालपत्र यांनी सुचवलंय तसं लेखी देऊ. खडूफळा, त्या सोळा प्रकारांसाठी एक तास तुमचा धरू का?

खडूफळा

धरा. शुक्रवार चालेल. फळा मोठा आहे का ते तेवढं आधी बघून ठेवा, आणि वाटायला पत्त्यांचे चार कॅट तरी लागतील.